हायस्कूलची तक्रारपेटी: अडीच स्टार, तेबी एका मॅडममुळं

लोक हॉटेलचा, मोबाईलचा, मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात, मी एका पेटीचा टाकायलोय. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एक हायस्कूल आहे, नाव लिहीत नाही, भाची अजून तिथंच शिकायलीय आणि मी स्वतः तिथूनच १९९९ ला दहावी झालोय. शाळेच्या गेटसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं माझ्या हातून जातं, म्हणजे गावात कोण कोणत्या जातीचा हे तलाठ्याच्या खालोखाल मलाच माहित असंल. पोरं मला मामा म्हणतात, भाचीमुळं सुरू झालं आता सगळ्या शाळेचाच मामा झालोय.

तर पेटी. प्लायवूडची आहे, वर पांढरा ऑइलपेंट, लाल अक्षरात 'तक्रार पेटी' लिहिलंय, शेवटची वेलांटी ओघळून खाली कुलपापर्यंत आलीय. कुलूप बारकं, पितळी. फट इतकी अरुंद ठेवलीय की वहीचं पान चार घड्या केल्यावर आत जात नाही, दोनच घड्या करून पातळ ठेवलं तर जातं, म्हणजे ज्याला लपवून टाकायचंय त्यानं आधी कागद उघडायचा, सरळ करायचा, मग टाकायचा. बरं लावलीय कुठं, तर मुख्याध्यापकांच्या ऑफिसच्या दाराशेजारी. समोर शिपाईकाकांचा स्टूल, बाजूला उशिरा आलेल्या पोरांना उभं करायची जागा. तिथं कागद टाकायचा म्हणजे स्टेजवर जाऊन बक्षीस घेतल्यासारखंच आहे, सगळ्यांना दिसणार.

ह्यात शाळेची पूर्ण चूक नाही म्हणा. पेटी लावायचं सरकारी परिपत्रक २०१७ चं आहे, पण आमच्याकडं पेटी आली ती ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेचं प्रकरण झाल्यावर, तेव्हा सरकारनं पुन्हा कडक आदेश काढला, सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी लावा, मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती करा. मग आठ दिवसात सुतार आला, पेटी झाली, फोटो काढून वर पाठवला. सर म्हणले दर्शनी भागात लावा असंच लिहिलंय. दर्शनी भाग म्हणजे दर्शन घ्यायची जागा असं समजून तिला परवा दसऱ्याला हार पण घातला होता, खोटं नाही सांगत.

आता पेटीत काय पडायला पाहिजे होतं ते सांगतो. शाळेत कोणी कोणाला उभं राहून द्वेषाचं भाषण ठोकत नाही. बारीक बारीक शब्द असतात, खडे असतात तसे, भातात एखादा आला तरी सगळा घास थुंकावा लागतो. आमच्या आक्काची पोरगी नववी ब मध्ये. वर्षातून दोनतीनदा एक सर रजिस्टर घेऊन वर्गात येतात आणि म्हणतात "स्कॉलरशिपवाले उभे राहा". सात जण उभे राहतात. पासबुकाची झेरॉक्स कोणी दिली, आधार लिंक कोणाचं नाही, एकेकाला विचारायचं, तोवर सगळे उभेच. बाकीचे पंचेचाळीस बसून बघायलेत. वर्गाला कुणाची जात विचारायची गरजच राहत नाही, सर स्वतः हायलाइट करून देतात. सरांच्या मनात काय वाईट नसतं, त्यांना फॉर्म भरायची मुदत असते, हे मला माहित आहे कारण सर्व्हर डाऊन असलं की तेच माझ्या दुकानात येऊन डोकं धरून बसतात.

पण मागच्या बाकावरून आवाज आला, "सरकारचे जावई". हसले सगळे. हा शब्द काय त्या पोरानं बनवला नाही, घरी जेवताना ऐकलेला असतो, पारावर ऐकलेला असतो, मी लहानपणापासून ऐकतोय. पोरगी असली की मग जावयाची सून होते. भाचीचं नाव पडलं "सून". वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो ज्यात मॅडम असतात आणि एक असतो ज्यात मॅडम नसतात, त्या दुसऱ्यावर तिचा गॅदरिंगचा फोटो कापून स्टिकर केलं, डोक्यावर पदर काढलेला आणि हातात नोटांचं बंडल. स्टिकर बगा डिलीट होत नसतं, ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जाऊन बसतं, कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या असल्या तरी तेच टाकायलेत.

तिच्या शेजारी बसती ती पोरगी शिलाईवाल्या चाचांची. तिला बुमराहच्या सगळ्या विकेटा तोंडपाठ, कोणत्या मॅचला किती, पोरांपेक्षा जास्त. तरी भारत पाकिस्तानची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी तिला विचारणार, "काल घरी टीव्ही फोडला का गं?" ती आधी भांडायची, मग आकडे सांगायची, आता मॅचच्या दुसऱ्या दिवशी शाळेलाच येत नाही, पोट दुखतंय म्हणून घरी.

आणि एक पोरगा आहे, आईबाप कारखान्यावर जातात ऊसतोडीला, हा आजीकडं राहतो. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकटा गडी आला तर अर्धा कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे पण त्याच हिशोबानं मिळतात. ह्या पोराचं नाव वर्गात "अर्धा कोयता". तो स्वतःच हसतो, हाक मारली की ओ देतो. मला वाटायचं ह्याला काय वाटत नसंल. पुढं सांगतो.

दोनतीन वर्षांपासून तर अजून एक नवीन निघालंय. मराठा आणि ओबीसी आरक्षणाची आंदोलनं तापली तशी पोरांचीबी टाळकी तापली, जी पोरं केजी पासून एका बाकावर बसायची ती आता आडनाव बघून बाक बदलायलीत, एकाच्या स्टेटसवर एक नेता दुसऱ्याच्या स्टेटसवर दुसरा, आणि खाली असली गाणी की ज्यात समोरच्याच्या आईबहिणीपर्यंत जातात. हे दोन्ही समाज मोठे, कोणी कोणाला दबत नाही, पण लेकरं चौदा वर्षांची आहेत हो. बीडला २०२५ मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढलं, नुसतं पहिलं नाव ठेवलं, लोक हसले तेव्हा, मला तर पटलं. आमच्या शाळेत हजेरी आडनावानंच घेतात, सकाळी अकरा वाजता सगळ्या वर्गाच्या जातीची उजळणी होते आणि मग गणिताचा तास.

जागेचंही तसंच. आमच्या वस्तीला आधी जातीवरून नाव होतं, डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची असली नावं बदलायचा निर्णय घेतला, आमची समतानगर झाली, नगरपालिकेनं निळी पाटी लावली. ॲड्रेस लिहिताना छान वाटतं. पण भाचीला सायकलवर बघून पोरं अजून जुनंच नाव घेऊन ओरडतात, पाटी त्यांच्या घराकडून दिसत नसंल.

असो, पेटीवर येतो. भाचीनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. मला नंतर कळलं तिनं तीन दिवस ते कंपासमध्ये घेऊन फिरली, शिपाईकाका स्टूलावरून उठायची वाट बघत. चौथ्या दिवशी काका घंटा द्यायला गेले तेव्हा टाकलं. चारच ओळी होत्या: स्कॉलरशिपवाल्यांना वर्गात उभं करू नका, मागचे पोरं सरकारचे जावई म्हणतात, मला सून म्हणतात, ग्रुपवर स्टिकर केलंय. खाली नाव नाही.

पेटी आठवड्याला उघडायचा नियम आहे, हे मला मुख्याध्यापकांनीच नंतर सांगितलं. उघडली सात आठवड्यांनी. का, तर किल्ली ज्यांच्याकडं होती त्यांना निवडणुकीची ड्युटी लागली, मग दिवाळी आली, मग किल्ली कोणती हेच कळंना. शेवटी आठपंधरा किल्ल्या लावून बघून उघडली. आत निघालं काय, तर गुटख्याच्या तीन पुड्या, एक चॉकलेटचा कागद, "अमुक लव्ह तमुक" अशा चार चिठ्ठ्या, आणि हिचं पान. एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं.

आता जे झालं ते खरं सांगायला पाहिजे, त्याच्यासाठीच मी हे लिहायलोय. मुख्याध्यापक सरांना वाटलं विषय गंभीर आहे, सगळ्यांना समज द्यावी. म्हणून परिपाठाला, प्रतिज्ञा झाली, संविधानाची उद्देशिका झाली, आणि सुविचाराच्या आधी त्यांनी माईकवर ती चिठ्ठी वाचली. नाव नव्हतंच त्यामुळं नाव घेतलं नाही. पण नववी ब मध्ये स्कॉलरशिपला उभे राहणारे सातच, त्यात पोरी दोन, आणि सून म्हणतात ती एकच. सगळी शाळा रांगेत उभी, सर वाचायलेत, आणि हळूहळू एकेक मान वळायली. भाची म्हणती मामा मला वाटलं सर माझ्याकडं बोट करायलेत. त्या दिवशी दुपारी स्टिकरचं दुसरं मॉडेल आलं, पेटीवाली सून, हातातल्या नोटा काढून पेटी दिलेली.

ती आठवडाभर डबा तसाच वापस आणायली. आक्कानं आधी तिलाच रागावलं, लिहायलाच कशाला गेलीस म्हणून. नंतर रात्री दोघी रडल्या.

मी गेलो भेटायला. मुख्याध्यापक वाईट माणूस नाही, मला शिकवलेलंय त्यांनी, खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणले, "अरे तू तर आपलाच, लेकरं आहेत, मस्करी करतात, मी समज दिली की." मी म्हणलं सर समज कोणाला दिली, ज्यांनी केलं त्यांना का जिनं लिहिलं तिला. ते गप्प बसले. भिंतीवर पोरांच्या हक्कांचा बोर्ड होता, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी. मी बोट दाखवलं. तर शेजारी बसलेले दुसरे सर म्हणले तो कायदा आठवीपर्यंतचा आहे, ही नववीत आहे. म्हणजे जूनमध्ये वर्ग बदलला की छळ चालतो काय? पण हे मी तिथं बोललो नाही, घरी येऊन बोललो, भिंतीला.

अॅट्रॉसिटीचं पण दोघातिघांनी सुचवलं. कायदा १९८९ चा आहे, लोकांसमोर जातीवरून मुद्दाम अपमान केला तर गुन्हा, हे आमच्या वस्तीत लहान लेकराला माहित असतं. पण पोरगं चौदा वर्षांचं, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जाणार, आणि मेन म्हणजे दाजी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती मोजणारे मापाडी आहेत आणि त्या पोराचा बाप तिथंच आडत्या, माल विकून देणारा दलाल. दाजी म्हणले, "भावजी, केस करायला मला कोण अडवणार नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या काट्यावर पोतं कोण ठेवणार?" ह्याच्यावर मला काय बोलता आलं नाही. ज्यांना बोलता येतं त्यांनी मोंढ्यात एक सीझन काढून बघावा.

१०९८ ला मीच फोन लावला, लहान मुलांची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री पावणेदहाला उचलला. बाई मराठीतच बोलल्या, शांतपणे ऐकून घेतलं, पोरगी जेवती का झोपती का हे आधी विचारलं, जे शाळेत कोणी विचारलं नव्हतं. त्यांना वेगळे पाच स्टार.

मला स्वतःला काय आठवत होतं सांगू का. १४ जानेवारी १९९४, मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, बाबासाहेबांचं नाव लागलं, मी पाचवीत. घरी पेढे, वस्तीत गुलाल नाही निळ, बाबा पहिल्यांदा मला खांद्यावर घेऊन नाचले. संक्रांत होती त्या दिवशी. पुढच्या आठवड्यात मी तिळगूळ घेऊन शाळेत गेलो तर ज्याच्यासोबत रोज डबा खायचो त्यानं हात मागं घेतला, म्हणला आमच्या घरी नको म्हणलेत. तेव्हा पेटी नव्हती. असती तरी मी काय लिहिलं असतं, मित्रानं तिळगूळ घेतला नाही, ह्याला तक्रार म्हणतात का? तो मित्र आता माझ्याच दुकानात पीकविम्याचे फॉर्म भरायला येतो, चांगला बोलतो, त्याला ते आठवत पण नसंल.

आता अडीच स्टार कुठून आले. वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, मूळच्या अंबाजोगाईच्या, आवाज बारीक पण माणूस पक्का. त्या एका शुक्रवारी दुकानात आल्या आणि म्हणल्या खाकी पाकिटं द्या, बावन्न. मी म्हणलं मॅडम बावन्न कशाला, स्कॉलरशिपवाले तर सात. म्हणल्या म्हणूनच बावन्न.

त्यांनी असं केलं, प्रत्येक पोराच्या नावाचं पाकीट. नुसतं पहिलं नाव आणि हजेरी नंबर, आडनाव नाही. ऑफिसचे काय कागद द्यायचे असले, पासबुक, आधार, दाखला, ते पाकिटात घालायचे, ज्याला काही द्यायचं नाही त्यानं कोरा कागद घालायचा, पण पाकीट सगळ्यांनी जमा करायचं. कोणी उभं राहायचं नाही. आणि पेटीचं पण तसंच. शनिवारी सकाळची शाळा असती, सुटायच्या आधी प्रत्येकाला वहीच्या पानाचा चौथा तुकडा मिळणार, तक्रार असंल तर लिहा नसंल तर रिकामा, घडी करून सगळ्यांनी टाकायचा. पेटी ऑफिससमोरून काढून वर्गात आणली, फट कानस लावून मोठी केली. बावन्नच्या बावन्न टाकायलेत म्हणल्यावर कोणी टाकला हे कसं कळणार. आणि चिठ्ठी माईकवर वाचायची नाही, वर्गातबी वाचायची नाही, हे त्यांनी सरांकडून लेखी घेतलं.

एवढी साधी गोष्ट होती बगा. परिपत्रक २०१७ पासूनचं, पेटीला सुताराची मजुरी, पेंट, कुलूप, फोटो, सगळं झालं, आणि रिकामी चिठ्ठी टाकायची हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पालक प्रतिनिधी म्हणून पहिल्या शनिवारी दाजींना बोलावलं होतं, त्यांचा मोंढा होता म्हणून मी गेलो. पेटी उघडली. चाळीसच्या वर तुकडे कोरे. एकावर पोरींच्या संडासाला आतून कडी नाही. दोघांनी लिहिलं होतं एसटी उशिरा येती, पहिला तास बुडतो, आम्हाला उभं करू नका. एकानं लिहिलं अमुक सर बोलताना थुंकी उडते, पहिल्या बाकावर बसवू नका, ह्याच्यावर मॅडमपण हसल्या. एका चिठ्ठीत चाचांच्या पोरीबद्दल इतकं घाण लिहिलं होतं की मॅडमनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली, आम्हाला पुढचं वाचू दिलं नाही. म्हणजे नाव न लिहिता तक्रार करता येती तसं नाव न लिहिता विष पण ओकता येतं, पेटीला दोन्ही सारखंच. अर्धा स्टार तिथं कापला. मॅडम म्हणल्या अक्षर मी ओळखते पण वर्गात बोलणार नाही, घरी जाणार. गेल्या की नाही माहित नाही, मी विचारलं नाही.

आणि एका तुकड्यावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, "मला कोयता म्हणू नका. मला नाव आहे". जो हाक मारली की हसून ओ देतो, तोच. बाजूला नाव लिहिलं होतं त्यानं स्वतःचं, पूर्ण, आजीच्या गावासकट.

भाची आता बरी आहे, म्हणजे जेवती. स्टिकर अजून फिरतंय, कमी झालंय. नवीन वह्यांवर तिनं लेबल लावलं तेव्हा पहिलं नाव, वडिलांचं नाव, बास. आक्का म्हणली आडनाव राहिलं बग, ती म्हणली जागा संपली. लेबलवर जागा भरपूर होती. मला ह्यात आनंद मानावा का वाईट वाटून घ्यावं कळंना, आमच्या आजोबांनी ते आडनाव लावायला काय काय सोसलं ते तिला कोण सांगणार, पण चौदा वर्षाच्या पोरीला रोज अकरा वाजता त्याची किंमत द्यायला कसं सांगू.

दुसऱ्या वर्गांमध्ये अजून जुनीच पद्धत चालू आहे, तिथली पेटी ऑफिससमोरच आहे म्हणजे एक नवीन केली, ह्या वेळी स्टीलची, फट पुन्हा अरुंद. दहावी अ ला परवा सर रजिस्टर घेऊन गेले होते असं ऐकलं. म्हणून अडीचच. मॅडमची बदली झाली तर एक धरा.

आणि हो, पाकिटाचे मी मॅडमकडून एकशे चार ऐवजी पन्नासच घेतले, उपकार म्हणून नाही, होलसेलला पडतात तेवढेच. तरी त्याच शनिवारच्या पेटीत शेवटची चिठ्ठी काय निघाली, "गेटसमोरचे झेरॉक्सवाले मामा एका पानाचे २ रुपये घेतात, स्टँडवर १ रुपया आहे". मॅडम म्हणल्या ह्याला पण पंधरा दिवसात उत्तर द्यावं लागंल. मी दुकानावर पाटी लावलीय, विद्यार्थ्यांसाठी १ रुपया. कागदाचं बंडल किती महाग झालंय हे मात्र कोणी लिहीत नाही.